स्टेपनी उतरवून पाहिलीस का?

३ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, आणि तुझी नणंद मला फाटकापलीकडे पाऊल टाकू देत नाही. फोनवर मला धड ऐकू येत नाही, शिवाय फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतेस, असा अनुभव आहे. म्हणून लिहितो.

दर सोमवारी आणि गुरुवारी तू स्वतः पिकअप चालवत नवऱ्याला डायलिसिसला नेतेस हे कळले. धीर आला आणि धसकाही घेतला. मधला चाळीस किलोमीटरचा माळ मला तोंडपाठ आहे. तिथे दुकान नाही, सावली नाही, फोनला रेंज नाही. माझी गाडी दणकट आहे, पण तिची स्टेपनी मागे हौद्याखाली तारेवर लटकते. नंबरप्लेटच्या वर एक भोक आहे. सीटमागची लांब सळई त्यात घालून उलटी फिरवली की तार सुटते आणि टायर जमिनीवर येतो. तो येतो का, ते एकदा करून पाहा.

लोभ आहेच, त्यात थोडे लक्ष या कामाकडेही असू दे.
तुझे सासरे

९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सोमवारचे आणि गुरुवारचे गणिताचे तास मी शाळेत बदलून घेतले आहेत, त्यामुळे माझी काळजी नको. स्टेपनी पाहिली. अंगणात चटई टाकून गाडीखाली आडवी झाले आणि टायर ठोकून पाहिला, हवा टम्म आहे. तुमचे चिरंजीव खुर्चीत बसून मुकादमकी करत होते.

त्यांची तब्येत तशी बरी आहे. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून मिळतं, घोटभर सांडलं तरी माझ्यावर डोळे वटारतात. तुम्हाला दोन ओळी लिहा म्हणून मी पेन हातात दिलं, तर त्यांनी त्या पेनाने शब्दकोडं सोडवलं. सासूबाई गेल्यापासूनचा, अकरा वर्षांचा हा अबोला कशासाठी, ते तुम्हा दोघांपैकी कुणी मला सांगत नाही. मी विचारायचंही सोडलं आहे.

गुडघ्याला जपा. मायेत खंड नसावा.
तुमची सून

१३ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद, वि. वि.

मी विचारले काय आणि तू उत्तर दिलेस काय! हवा असून उपयोग काय, टायर वरच लटकत राहिला तर? पुन्हा लिहितो आणि खाली तीन रेघा मारतो: स्टेपनी उतरवून पाहा. टायर जमिनीला टेकला पाहिजे, पुन्हा वर गेला पाहिजे. हे झाल्याशिवाय त्या माळावर गाडी घालू नकोस. म्हातारा पिरपिर करतो असे वाटले तरी चालेल.

रागावू नकोस, उत्तर मात्र लगेच धाड.
तुझे सासरे

१८ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं खरं निघालं. सळई पाव वळसा फिरली आणि जाम झाली. आम्ही दोघांनी जोर लावला, तर सळईच वाकली. गॅरेजवाल्याने खाली डोकावून पाहिलं आणि मान हलवली. सगळं गंजून एकजीव झालं आहे म्हणाला. नवा भाग शहरातून यायचा आहे, तो पुढच्या बुधवारी बसवून मिळेल.

तोवर दुसरी गाडी मिळत नाही, आणि डायलिसिस थांबत नाही. काल तशीच गेले. सगळा माळ मी रस्त्यावरचा खडा न् खडा बघत ओलांडला, स्टिअरिंगवर हात घामाने निसटत होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की एक खेप चुकली तरी पाणी फुप्फुसात चढेल. परवा चार पायऱ्या चढताना ते धापा टाकत होते. मला खूप भीती वाटते बाबा. त्यांच्यासमोर दाखवत नाही, तुम्हाला सांगते.

एक विचारू? इतक्या लांब बसून तुम्हाला हे नेमकं कसं कळलं?

आशीर्वाद असू द्या, आत्ता त्यांची फार गरज आहे.
तुमची सून

२२ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तू विचारलेस म्हणून सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

त्या दिवशी तुझ्या सासूबाईंच्या छातीत कळ आली. मी त्यांना गाडीत घालून तडक निघालो. भर दुपारी त्याच माळावर मागचा टायर फुटला. स्टेपनीची हवा मी दर महिन्याला बघत असे. बाकीच्या ड्रायव्हरांना त्यावरून अक्कल शिकवत असे. पण नऊ वर्षांत ती एकदाही खाली उतरवली नव्हती. सळई जागची हलेना. दोन तास मी गाडीखाली दगडाने, पान्याने, मिळेल त्याने ठोकत होतो. त्या वरून विचारायच्या, झाले का. मी म्हणायचो, झालेच. मग त्यांनी विचारणे बंद केले. शेवटी एका ट्रकवाल्याने छिन्नीने तार तोडून दिली. दवाखान्याच्या दारात त्या गेल्या.

उशीर का झाला असे सगळ्यांनी विचारले, तेव्हा मी वाटेतला पूल बंद होता म्हणून सांगितले. तीस वर्षे ड्रायव्हर म्हणून मिरवलो होतो, खरे बोलायला तोंड नव्हते. नंतर नवी तार बसवली, आणि मीच तिच्याकडे पुन्हा पाहिले नाही. बघवत नव्हते.

हे वाचून फाडून टाक. त्याला सांगू नकोस, त्याचा आहे तो राग बरा.

माझ्याबद्दल काहीही वाटो, त्याला सांभाळ.
तुझे सासरे

२८ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

अक्षर ओळखीचं वाटतं का बघा. तुमच्या सुनेने पत्र फाडलं नाही, माझ्या हातात ठेवलं आणि शाळेत निघून गेली.

आधी गाडीचं सांगतो. बुधवारी नवा भाग बसला. गॅरेजवाला वैतागेपर्यंत हिने स्टेपनी तीनदा खाली-वर करून घेतली. आणि काल, गुरुवारी, माळाच्या मधोमध मागचा टायर बसला. ही मला गाडीतच बसा म्हणत होती, मी ऐकलं नाही. सळई मी फिरवली. दम लागला, पण तार सुटत गेली आणि टायर धप्पकन जमिनीवर आला. चाक हिने बदललं. आम्ही वेळेवर पोचलो.

आता दुसरं. आई गेली त्या दिवशी मी बसने त्याच पुलावरून दवाखान्यात आलो होतो. पूल उघडा होता. तुम्ही खोटं बोलता आहात हे मला तेव्हाच कळलं. वाटलं, गाडीतला माल आधी गिऱ्हाइकाकडे पोचवलात आणि मग आईला घेऊन निघालात. अकरा वर्षं मी हेच खरं मानलं. तुमच्या दोन्ही हातांना तेव्हा पट्ट्या होत्या. त्या कशाच्या, एवढंही मी विचारलं नाही. बाबा, माझं चुकलं.

खोटं बोललात त्याचा राग मात्र आहे, आणि तो पत्रातून निघायचा नाही. समोर या. सोमवारी दहा ते दोन माझ्या हातात सुया असतात, मला खुर्चीतून उठून जाता येणार नाही.

वाट पाहतो.
तुमचा मुलगा