हातमोज्याची वही

३ ऑगस्ट, सोमवार

आधी तक्रार. खोली चौथ्या मजल्यावर आहे हे नातीने फोनवर सांगितलं नव्हतं. लिफ्ट आहे म्हणाली. आहे की, तिच्या दाराला सुतळी बांधलेली आहे. एवढं मोठं यंत्रांचं कॉलेज, पोरं रोबो बनवतात, आणि एक लिफ्ट दुरुस्त करायला कुणाला सवड नाही. तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणतील म्हातारी गुपचूप चढली.

बाकी आले ती आनंदातच. नात मेकॅट्रॉनिक्समध्ये पदव्युत्तर शिकते हे मी गाडीत तिघांना ऐकवलं. एकाने विचारलं, ते काय असतं? म्हटलं, लोखंडाला अक्कल शिकवायची. भिंगरीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, आजी, परीक्षेत एवढंच लिहिलंस तरी अर्धे मार्क मिळतील. भिंगरी म्हणजे हीच नात. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून मी ठेवलेलं नाव. आता चोवीस वर्षांची घोडी झाली आणि दिवसभर एका खुर्चीत बसते.

वही तिनेच दिली. माझ्या हाताचा अभ्यास होणार आहे, आणि ज्याचा अभ्यास त्याने रोज लिहायचं असतं म्हणे. हात दुखला का, कंटाळा आला का, मन कुठे होतं. शेवटी ही वही प्रोजेक्टच्या फाइलला जोडणार. मी चौथी शिकलेली. तिला बजावलं, लाल पेनाने खुणा केल्यास तर एक ओळ लिहिणार नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

लॅब बघितली. पटांगणापलीकडे, तळमजल्यावर, हे एक बरं. लांबट खोली, वर ट्यूबलाइट, जळक्या तारेचा वास, टेबलांवर पसारा. माझ्या घरात असा पसारा असता तर मी पाहुण्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

मधल्या टेबलावर तो हात. कोपरापासून पुढचा, काळ्या धातूचा, टेबलाला नटबोल्टने आवळलेला. सांध्यासांध्यात मोटर, बोटांच्या टोकांना रबर. शेजारी वाटीएवढं लाल बटण. काही बिनसलं की ते दाबायचं, सगळं बंद. भिंगरीने दोनदा बजावलं, चालू असताना त्याच्या मुठीत काही द्यायला जायचं नाही. काल त्याला पाण्याचा स्टीलचा पेला दिला, तर कागदासारखा चेपला. पेला दाखवला तिने.

काम असं. मी सव्वीस वर्षं बटणांच्या कारखान्यात होते. पुढची काही वर्षं पोती घरी आणून निवडायचे. टवका उडालेलं, भोक बुजलेलं, कड वाकलेली, असली बटणं माझ्या बोटांना न बघता कळतात. भिंगरीच्या यंत्राला ते शिकायचंय. मी पातळ हातमोजा घालायचा, त्याच्या पाठीवर तारा. समोर ताटात बटणं. मी निवडत जायचं, मोजा बोटांची चाल टिपणार, हात ती गिरवणार.

तिचे गाईड म्हणजे काडी पेहेलवान, बोलणं मात्र मधाचं. म्हणाले की आजी, तुमच्या बोटांत आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. म्हटलं, असतं तर मी कशाला इतका जिना चढले असते?

७ ऑगस्ट, शुक्रवार

पहिल्या दिवशी हाताने बटणांचा चुरा केला. आज शंभरात नव्वद बरोबर. माझ्यासारखाच अंगठ्याने कड चाचपतो, नापसंत पडलं की करंगळीने ढकलतो. ती करंगळीची खोड माझी. सासूबाई त्यावरून टोमणे मारायच्या, म्हणायच्या बाईला बटण विटाळतं.

भिंगरी टाळ्या वाजवत होती. तिला असं हसताना बघून बरं वाटलं. तिचा बाप दुसरा संसार थाटून बसला, फोन करतो तोही आठवण करून दिल्यावर. आई ती नऊ वर्षांची असताना गेली. तिला मी आणि मला ती.

मन कुठे होतं, हा प्रश्न आहे. घरी होतं. दुपारी मी ताट घेऊन बसायचे आणि सून, भिंगरीची आई, आतल्या खोलीत पडलेली असायची. दोन वर्षं पडून होती. त्याबद्दल लिहायला वहीत जागा पुष्कळ आहे. इच्छा नाही.

१० ऑगस्ट, सोमवार

भिंगरीने पडद्यावर रेघा दाखवल्या. माझ्या बोटांच्या रेघा. दर थोड्या वेळाने हात थांबतो, तीन सेकंद काहीच करत नाही, मग मधलं बोट ताटाच्या कडेवर एकदा आपटतं. टक. पुन्हा निवडायला लागतो. आठवडाभरात दोनशे वेळा. मला पत्ता नाही.

गाईड म्हणाले हा कचरा आहे, गाळून टाक, नाहीतर कारण लिही. चोवीस तारखेला बाहेरचे परीक्षक येतात, त्यांनी विचारलं तर पितळ उघडं पडेल, पदवी सहा महिने लांबेल. ही हट्टी. म्हणाली, गाळणार नाही. हात थांबतो तो ऐकल्यासारखा थांबतो. कुणीतरी हाक मारतं आणि आजीचा हात ओ देतो, असं दिसतंय. त्या रिकाम्या तीन सेकंदांत काय बसतं ते आता यंत्रालाच शोधायला लावते.

मला विचारलं. मी सांगितलं, वय झालं, बोटं आखडतात. तिने ते लिहून घेतलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

मधलं बोट शेजारच्या बोटाला दोऱ्याने बांधून बसले. बोट हललं नाही. आतली शीर हलली, तीही मोज्याने पकडली.

आणि आता तो काळा हातही तेच करतो. नऊ-दहा बटणं निवडतो. थांबतो. टक. लॅबमधली पोरं हसली, म्हणाली रोबोला आजीची सवय लागली. मीही हसले. मग स्टूल ओढून बसावं लागलं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

हे पान मी फाडणार आहे.

सुनेचा आवाज शेवटी शेवटी गेला होता. तेव्हा आम्ही दोघींनी सोय केली. तिने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर पेला तीनदा वाजवायचा. पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल. मी ताटाच्या कडेवर एकदा बोट आपटायचं. म्हणजे ऐकलं, येते. चांगली सोय होती. तिला त्याचं हसूही यायचं.

तो मंगळवार होता. पाव पोतं उरलेलं. सकाळपासून चार वेळा उठले होते, माझी कंबर मोडली होती आणि मला तिचा राग आला होता. आजारी माणसाचा येऊ नये तसला राग. एक वाजता तिने पेला वाजवला. मी टक केलं. येते. उठले नाही. पुन्हा वाजवला. टक, येते. बोटं मोजतात, त्यांना सवय. अकरा वेळा तिने बोलावलं आणि अकरा वेळा मी खोटं उत्तर दिलं. बारावी हाक आली नाही. बरं झालं, झोपली, असं म्हणून मी पोतं संपवलं. पाठ टेकून बसले. छान वाटलं मला.

चार वाजता भिंगरी दप्तर घेऊन आली. मी आत गेले तेव्हा पेला सुनेच्या हातातच होता. पोरीला सांगितलं, आई झोपेत गेली. सगळ्यांना तेच सांगितलं. पंधरा वर्षं तेच सांगते आहे.

१७ ऑगस्ट, सोमवार

पान फाडायला गेले. बोटं वळली नाहीत. वही ट्रंकेत कपड्यांखाली ठेवते.

लॅबमध्ये भिंगरीला आनंद मावत नव्हता. यंत्राने रिकामी जागा भरली. काळ्या हाताची मूठ वळली, टेबलावर तीनदा वाजलं. टक टक टक. तोच वेग. तिसरा जरा दमलेला, तिचा असायचा तसा.

मोजा मी घातला नव्हता. माझा हात मांडीवर होता. त्याने उत्तर दिलं.

भिंगरीने बघितलं. कागदावर एक ओळ लिहिली आणि पेन मिटलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

दुपारी एक. भिंगरी गाईडकडे. मी एकटी. लाल बटण दाबलेलं. भिंतीतला प्लग काढला, तार माझ्या हातात, हे लिहिताना मांडीवर आहे.

तीनदा वाजलं.

मी मोजते आहे. सोमवारपासून ही चौथी.

२० ऑगस्ट, गुरुवार

पाचवी, सहावी, सातवी. सातवी लॅबमध्ये नाही. वर खोलीत, माझ्या पलंगाच्या कठड्यातून. भिंगरीने विचारलं की झोपेत पलंगावर हात आपटलास का.

म्हणजे तिलाही ऐकू येतं.

परत जाऊ म्हटलं तर म्हणे सोमवारी परीक्षक, तुझा हात नको का. माझा हात. घेऊन जा म्हणावं, कापून.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आठ. नऊ.

भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून, भिंगरी म्हणाली की तिला एक आठवलं. आई पेला वाजवायची ना? तीनदा? सुट्टीच्या दिवशी मी पाणी घेऊन धावायचे, एकदा अर्धं सांडलं तर आई किती हसली होती.

धावायची. खरं आहे. नऊ वर्षांची पोर, एकही हाक खाली पडू दिली नाही तिने. मी विसरले होते.

मग विचारलं, मी शाळेत असायचे तेव्हा कोण जायचं?

मी म्हटलं साबण संपत आलाय.

२२ ऑगस्ट, शनिवार

दहा, सकाळी.

मी ट्रंक उघडून वही काढली. कपड्यांची घडी माझी नव्हती. चौदा तारखेच्या पानाचा कोपरा दुमडलेला — मी कोपरे दुमडत नाही.

भिंगरे, तू वाचलंस.

चहा दिलास. साखर बरोबर होती.

२२, दुपार

लॅब. सुट्टी, कुणी नाही. तू म्हणालीस चल, मी आले. प्लग काढलेलाच आहे. हात टेबलावर उताणा, बोटं उघडी. अशी बोटं मी शिकवली नव्हती. मागणारी —

अकरा. माझं बोट — टक. मी दाबून धरलं होतं, तरी —

तू त्याच्याकडे बघत होतीस. आईकडे बघावं तसं. मग म्हणालीस, तिला तहान लागली असेल. पेला घेतलास आणि बाहेर गेलीस. नळ व्हरांड्याच्या टोकाला आहे, पाऊल ऐकू येतंय तुझं —

त्या मुठीत पेला द्यायचा नाही. तूच सांगितलं होतंस मला. चेपलेला पेला तूच —

बारा. आली. तेव्हा आली नव्हती ती, आता —

बोट हललं नाही या वेळी. पहिल्यांदाच. ते खोटं बोलत नाही आता.

पाणी बंद झालं. तू निघालीस.

भिंगरे, ऐक. दारातच थांब. ही हाक तुझी नाही. पंधरा वर्षं माझ्या नावावर आहे. तीनदा वाजलं, कितीदाही वाजलं, तरी तू ओ द्यायची नाहीस, तू हलायचं नाहीस. उत्तर द्यायचं ते मी. फक्त मी. ही बघ, उठले, येते —