यादीतलं तुझं नाव

रॉकहॅम्प्टन,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय लोरेल,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच "असू दे हो, बाबा" म्हणतेस आणि मी तेवढ्यावर सुटतो. म्हणून लिहायला बसलोय.

नोव्हेंबर लागला तसा उकाडा सुरू झालाय. घरामागचं आपलं टेनिसचं कोर्ट अजून आहे. वारुळं फोडून, ती माती कुटून, पाणी मारमारून मी ते केलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आता एका बाजूने गवत चढलंय आणि रोलर ओढणं माझ्याच्याने होत नाही. शनिवारी क्लबात जातो, तो फक्त भांडणं ऐकायला. क्लॅरी तुला आठवत असेल. मूठ कापून तुला पहिली रॅकेट करून दिली होती त्याने. तो अजून तसाच आहे. परवा तरुण पोरांशी त्याची जुंपली. पोरं म्हणाली, "आजोबा, आजच्या सर्व्हिसपुढे तुमच्या काळातला तो लेव्हर उभा तरी राहिला असता का?" क्लॅरी उसळला. "पैसे घेऊन खेळतो म्हणून त्याला ऐन भरात पाच वर्षं मोठ्या स्पर्धांबाहेर ठेवलं, ते कोण मोजणार? तुमच्या फेडररला लाकडी रॅकेट द्या आणि वारुळाच्या मातीवर उभा करा. मग बोलू!" मग गाडी बायकांवर आली. सगळ्यांत मोठी कोण, मार्गारेट कोर्ट की ग्राफ, की नवरातिलोवा? मी एरवी या वादात सगळ्यांत पुढे असतो. त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. क्लॅरी वळून म्हणाला, "डेस, तू सांग की. तुझी लोरेल त्यांत कुठे बसली असती?" चांगल्या मनानेच विचारलं त्याने. मी टोपी उचलली आणि घरी आलो.

माझी वही तू विसरली नसशील. एकेका खेळाडूला एक पान. सर्व्हिसला गुण, बॅकहँडला गुण, पायांना, हिमतीला. लाकडी रॅकेटवाल्यांना थोडे वाढीव. तीस वर्षं मी वेगवेगळ्या काळातली माणसं एकाच तराजूत घालत बसलो आणि त्याला खेळाची जाण समजत राहिलो. तू बारा वर्षांची असताना बायकांच्या यादीखाली मी तुझं नाव लिहिलं आणि समोरची जागा रिकामी ठेवली. तू ते पाहिलंस. तोवर तू खेळत होतीस. त्या दिवसापासून ती जागा भरण्यासाठी राबायला लागलीस. कोर्टवर पाय ठेवायच्या आधी एकदा माझ्या तोंडाकडे बघायचीस. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता ब्रिस्बेनच्या त्या अंतिम सामन्याचं सांगतो. तू सोळा वर्षांची होतीस. आठ दिवस आधी खांदा दुखतो म्हणालीस म्हणून आपण डॉक्टर हॅनिगनकडे गेलो. तपासून झाल्यावर तू आत कपडे बदलत होतीस आणि ते मला बाहेर बाकावर घेऊन बसले. म्हणाले, "स्नायू आतून फाटायला लागलाय. चार महिने रॅकेटला हात लावू देऊ नका. आता खेळली तर हा हात पुन्हा वर जाणार नाही." मी मान डोलावली. गाडीत तू विचारलंस, "काय म्हणाले, बाबा?" मी गाडी सुरू करत म्हटलं, "जरा ताण आलाय, एवढंच. शेकायचं आणि खेळायचं."

तो सामना तू जिंकलीस. शेवटच्या सर्व्हिसनंतर हात खाली लोंबला. करंडक तू डाव्या हाताने घेतलास. शस्त्रक्रियेनंतर गुंगी उतरताना तू मला पहिलं काय म्हणालीस ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणालीस, "सॉरी, बाबा. मी नीट अंग गरम केलं नव्हतं." आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत म्हटलं, "होतं असं कधी कधी."

लोरेल, तुझं काही चुकलं नव्हतं. बावीस वर्षं मी तुला तो दोष वाहू दिला.

तुझ्या आईला हे पुढच्याच वर्षी हॅनिगनकडून कळलं. ती ओरडली नाही. भांडी विसळता विसळता म्हणाली, "तिला तू सांगायचंस, डेस. मी सांगणार नाही." त्यानंतर ती कधी कोर्टकडे फिरकली नाही. गेल्या हिवाळ्यात डोळे मिटायच्या आदल्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "सांगितलंस?" मी "हो" म्हणालो. तेही खोटंच.

तुझ्या पत्रात लिहिलंयस की माझ्या नातीला, ब्रिडीला, जानेवारीत सहा आठवडे माझ्याकडे पाठवतेस, तिच्यात खेळ आहे, आणि माझ्यासारखा शिकवणारा तिला तिकडे मिळायचा नाही. तिच्यात खेळ आहे हे खरंच आहे. ईस्टरला ती इथे होती तेव्हा तिची सर्व्हिस पाहून माझ्या अंगावर काटा आला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, खांदा दुखतोय." आणि मी म्हणालो, "अजून एक टोपली चेंडू, मग थांबू." अकरा वर्षांची पोर गुमान मागे गेली आणि चेंडू उडवायच्या आधी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. सगळं ठाऊक असूनही मी तिला थांबवलं नाही. टोपली रिकामी झाल्यावरच थांबलो. तिला माझ्याकडे पाठवू नकोस. हे एवढं सांगायला पत्र लिहिलं, आणि बाकीचं सांगितल्याशिवाय हे सांगता येईना. तुला माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, ते मी समजेन. फक्त तिचा खांदा तिथल्या एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव. तू स्वतः जा, आणि डॉक्टर बोलत असताना ब्रिडीला शेजारी बसव. त्यांचं बोलणं तिला तिच्या कानांनी ऐकू दे.

तुझाच,
बाबा