टॅबातली बाई

श्रीपूर, १७ नोव्हेंबर २०२५

ती. सिद्धेश्वरी आत्यास,
अक्षताचा शि. सा. नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या वस्तीवरच्या शाळेला दहा टॅब मिळाले! मूल मोठ्यानं वाचतं, आतली बाई ऐकते आणि तारे देते. महिन्यात सगळी पोरं घडाघडा वाचतील, असं कंपनीचा माणूस सांगून गेलाय. मुख्याध्यापक हरिबा सरांनी टॅबना हळदकुंकू वाहून ते कपाटात कुलूपबंद केले. किल्ली मिळवायला मला चार दिवस लागले. तू तीस वर्षं घसा फोडून शिकवलंस, पण आता त्याची गरज उरली नाही बघ.

राग आला तरी उत्तर लिही.
तुझी, अक्षता

शुक्रवार पेठ, सोलापूर, २१ नोव्हेंबर

चि. अक्षतास अनेक आशीर्वाद.

राग कसला? तीस वर्षांत मला कुणी हळदकुंकू लावून कपाटात जपून ठेवलं नाही, एवढंच वाईट वाटलं. तुझी बाई ऐकते, हे ठीक. पण पोरं बोलतात ते तिला कळतं का? शेंगाचटणी पाठवली आहे, हरिबा सरांच्या हाती लागू देऊ नकोस.

लोभ आहेच, वेगळा मागू नकोस.
आत्या

श्रीपूर, १ डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुझी शंका खरी ठरली. तिसरीतली संस्कृती, ऊसतोडीला आलेल्या मथुराबाईंची मुलगी, वर्गात सगळ्यांत छान वाचते. पण छापलेलं ‘आहे’ ती ‘हाय’ वाचते आणि ‘नाही’चं ‘न्हाय’ करते. टॅबातल्या बाईनं तिला एकही तारा दिला नाही. बसूला मात्र अक्षरओळखही नाही. इतरांचं ऐकून त्याला टॅबातली गोष्ट पाठ झालीय. खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत त्यानं ती म्हटली आणि पाचही तारे मिळवले!

निकाल आपोआप वर शिक्षण खात्याकडे गेला. तिथून यादी आली, की संस्कृतीला वाचता येत नाही, पहिलीत बसवा; बसूचं अभिनंदन करा. मी काय केलं सांगू? तिला त्या बाईसारखं नाकात बोलायला लावलं. लाज वाटते, आत्या. आता ती तोंडच उघडत नाही. मथुराबाई म्हणाल्या, पहिलीतच बसायचं तर उसाच्या फडात येऊन बाळ तरी सांभाळंल. बारा तारखेला विस्तार अधिकारी वैजयंती मॅडम येणार आहेत. काय करू?

अक्षता

सोलापूर, ५ डिसेंबर

चि. अक्षतास आशीर्वाद.

रडू नकोस. मॅडमसमोर दोघांनाही आधी कधी न पाहिलेलं काहीतरी वाचायला दे. सोबतचं बंद पाकीट संस्कृतीसाठी आहे. ते तिथंच उघडायचं. तू आधी वाचलंस तर गाठ माझ्याशी आहे.

आत्या

श्रीपूर, १५ डिसेंबर

ती. खट्याळ आत्यास नमस्कार.

पाकीट उघडलं, आत तुझं पत्र. संस्कृतीनं ते हातात घेऊन माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तुझ्या तोंडात येईल तसंच वाच. मग ती वाचू लागली, “तुझ्या बाई तिसरीत असताना केळ्याला ‘केयं’ म्हणायच्या, आणि मी हसले की दाराआड जाऊन लपायच्या. मी हसले ते माझं चुकलंच.” पोरगी हसत हसत खालीच बसली. मग ओळ हरवली, ती बोटानं शोधून पुढं वाचली. काय कळलं असं मॅडमनी विचारलं, तर म्हणाली, या आत्याबाई लई खवचट हायत की! मॅडमनी डोळे पुसले, हसून की कशानं, ठाऊक नाही. तेच पत्र बसूला दिलं, तर त्यानं टॅबातलीच गोष्ट म्हणून दाखवली.

मॅडमनी पेनानं यादी सुधारली. संगणक मात्र महिनाअखेरीपर्यंत ऐकणार नाही. त्यामुळं संस्कृती कागदावर तिसरीत, संगणकात पहिलीत आणि माझ्यासमोर पहिल्या बाकावर आहे. बसूला रोज सुटीत अक्षरं शिकवते. अक्षरांची चित्रं दाखवायला टॅब उपयोगी पडतो. सोबत संस्कृतीनं तुला लिहिलेलं पत्र आहे. मी एकही अक्षर सुधारलेलं नाही.

तुझीच, केयंवाली

आत्याबाईस संस्क्रुतीचा नमस्कार.

तुमची चिटी आईला वाचून दावली. आई म्हनली आजून एकदा वाच. मंग शेजारच्या पाचटाच्या कोप्यातल्या बाया आल्या, मंग आजून दोनदा वाचली. तुमचं अक्षर लई बारीक हाय, जरा मोटं काडा. फड संपला की आमची कोपी दुसऱ्या फडाकडं हलती, म्हनून पत्र शाळंत धाडा. बिगीनं धाडा, बाया वाट बगत्यात.