माझा पीळ उजवीकडचा

१ नोव्हेंबर, सकाळी ८
मुलीचा फोन आला. मला नाही, हिला. दोन वर्षांनी घरी येणार आहे, १४ डिसेंबरला. सोबत जावई आणि आठ महिन्यांचे बाळ. बाळ मी अजून फोटोतच पाहिले आहे. आल्यावर बाबांनी फक्त ‘चुकलं’ एवढं म्हणावं, नाहीतर संध्याकाळीच परत फिरू, असे ती म्हणाल्याचे ही म्हणाली.

काय चुकले? तिच्या लग्नात जेवणाआधी मी कृत्रिम धाग्याविरुद्ध चाळीस मिनिटे बोललो. जावई ॲक्रिलिक लोकरीच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि पहिल्या तीन रांगांत त्याचा सगळा स्टाफ बसला होता, हा योगायोग. श्रोते निवडणे वक्त्याच्या हातात नसते.

माफी मागणार नाही. बाळाला स्वेटर देणार. मेंढीच्या अंगावरून थेट बाळाच्या अंगावर, मध्ये कारखाना नाही! लोकर मी धुणार, पिंजणार, कातणार. विणणार ही. (हिला अजून सांगितलेले नाही.)

४ नोव्हेंबर
मेंढीवाल्याकडून एका मेंढीची अख्खी लोकर आणली. पोते गॅलरीत ठेवले. शेजारच्या दंतवैद्याने खिडकी लावून घेतली. ही म्हणाली, वास येतोय कसला, मेंढीच येतेय.

दुपारी मेहुणी आली. लोकरीच्या गिरणीत बत्तीस वर्षे धागा तपासत होती, त्यामुळे अजून सगळेच तपासते. म्हणाली, भाऊजी, कडेची घाण लोकर काढून टाका, बाकीची कोमट साबणाच्या पाण्यात नुसती बुडवून ठेवा. हात लावू नका. चोळलीत की फसलात.

मी म्हणालो, न चोळता या जगात आजवर काहीही स्वच्छ झालेले नाही! इथे टाळी पडायला हवी होती. तिने चहात साखर कमी आहे असे सांगितले.

६ नोव्हेंबर, सकाळी ११
पाणी उकळले. लोकर चोळली. आधी हातांनी, मग बादलीत उतरून पायांनी. दोन तास.

६ नोव्हेंबर, दुपारी २
लोकर आता लोकर राहिलेली नाही. जाड, घट्ट, एकसंध फरशी झाली आहे. कात्री चालत नाही. ही म्हणाली, नमदा झाला. मेहुणीला फोनवर बोलता येईना, इतकी हसत होती. म्हणाली, गरम पाण्यात रगडली की तंतू एकमेकांत अडकतात, ते कायमचेच.

याला एकजूट म्हणतात. तापलेल्या परिस्थितीत, घर्षणातून, माणूस माणसाला असाच चिकटतो आणि मग कोणाच्या बापाला वेगळा करता येत नाही. भाषणासाठी टिपून ठेवले. एकजूट सध्या दाराशी पायपुसणे म्हणून अंथरली आहे.

१० नोव्हेंबर
उरलेले अर्धे पोते कोमट पाण्यात भिजवले. हात लावला नाही. मेहुणीचे ऐकले असा अर्थ कोणी काढू नये. हात भाजला होता.

१३ नोव्हेंबर
वाळली. पांढरी झाली. पण निम्मीच भरली, बाकीचा मेद आणि माती पाण्याबरोबर गेली. स्वेटर बिनबाह्यांचा करायचे ठरवले. बाळाला हात हलवायची मोकळीक हवी.

१७ नोव्हेंबर
पिंजण. मेहुणीने दोन दातेरी फळ्या दिल्या. एकीवर लोकर पसरायची, दुसरी तिच्यावरून ओढायची, तंतू सरळ झाले की गुंडाळून पेळू करायचा. तासाला दहा होतात म्हणाली. पहिल्या तासात पेळू दोन, सोललेली बोटे तीन. विश्रांती जाहीर केली. चार दिवस.

२३ नोव्हेंबर
आजपासून टकळी. ही म्हणाली, टकळी तर चाळीस वर्षं चालूच आहे, आज फक्त हातात दिसली.

पेळूचा शेंडा टकळीला लावायचा, ती गरकन फिरवून लोंबती सोडायची, वरून तंतू ओढत राहायचे. पीळ बसतो, धागा होतो. माझा धागा तुटून टकळी पायावर पडली, अकरा वेळा. मेहुणीने धागा उजेडात धरला. म्हणाली, भाऊजी, इथे केस आहे आणि इथे दोरखंड आहे. मी म्हणालो, विविधता. गिरणीला जमणार नाही.

३० नोव्हेंबर
एकेरी धाग्याची काही भेंडोळी भरली. आता दोन-दोन धागे एकत्र पिळून दुपदरी करायचे. मेहुणी म्हणाली, कातताना टकळी उजवीकडे फिरवलीत ना, आता डावीकडे फिरवा. उलटा पीळ बसला की दोघे एकमेकांना धरून शांत राहतात.

मी उभा राहिलो. म्हणालो, एकदा धरलेली दिशा मी आयुष्यात सोडलेली नाही. संपात सोडली नाही, मार खाताना सोडली नाही, आता एका टकळीसाठी सोडू? ती म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. मी हे कौतुक म्हणून स्वीकारले.

उजवीकडेच फिरवली.

२ डिसेंबर
धागा जिवंत आहे. टेबलावर ठेवला की गोळा होतो. ओढला की बोटाला वेटोळे घालतो. हिने चार बोटे विणून पाहिले, तर चौकोन एका बाजूला कलला आणि पत्र्यासारखा उभा राहिला. म्हणाली, अहो, हे बाळाला घालायचं की बाळाला याने बांधायचं?

स्वेटर रद्द. टोपी करणार. डोके महत्त्वाचे.

९ डिसेंबर
फोनवर ही मुलीशी बोलत होती. मी ऐकत नव्हतो, दाराला तेल घालत होतो. मुलीने विचारले असावे, बाबा बोलतील ना? कारण ही म्हणाली, बोलतील गं, ते कधी बोलले नाहीत? काय बोलतील ते मात्र मला विचारू नकोस.

मग बराच वेळ ही नुसती ‘हं’ म्हणत होती. दाराला तेल जास्त झाले.

१० डिसेंबर, दुपारी ३
ही बाजारात. उरलेले एकेरी धागे घेऊन कपाटाच्या आरशासमोर बसलो. टकळी डावीकडे फिरवली. आरशात ती उजवीकडे फिरत होती आणि मी पूर्ण वेळ आरशातच पाहिले. तत्त्व अबाधित.

धागा लोंबता सोडून पाहिला. वळला नाही. गप्प राहिला.

१२ डिसेंबर
हिने टोपी विणली. हा धागा बरा शहाण्यासारखा वागतोय म्हणाली, काय केलंत? मी म्हणालो, दम दिला.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ५
अकराला आले. बाळाचे डोके बापाच्या वळणाचे, म्हणजे मोठे. जावयाने टोपी हातात घेतली, धागा अंगठ्याखाली फिरवून पाहिला. म्हणाला, पीळ अगदी समतोल आहे, कोणी दिला? मी खिडकीबाहेर पाहिले.

टोपी बाळाच्या कानापर्यंत पोचेना. मी जरा ओढली. दोन मिनिटांत कपाळावर लाल वळ उठला. लोकर राठ आहे. बाळ असे रडले की मी पाहतच राहिलो. टोपी काढली, उचलून घेतले आणि म्हणालो, चुकलं रे बाळा, माझंच चुकलं, मला कळायला हवं होतं. हे बहुधा बरेच वेळा म्हणालो.

मान वर केली तर दारात मुलगी. हातातला चहा कलला होता. शेजारी येऊन बसली. मग आत जावयाला ओरडून म्हणाली, गाडीतली बॅग वर आण, आपण राहतोय.

नोंद: माफी बाळाची मागितली. विषय टोपी. इतर कोणी ती स्वतःकडे घेतली असेल तर त्याला वक्ता जबाबदार नाही.

१५ डिसेंबर, सकाळी १०
गार आहे. हिने कपाटातून पिवळा स्वेटर काढून बाळाला घातला. बाह्या आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विणून ठेवला होता म्हणे. लोकर शंभर टक्के ॲक्रिलिक, जावयाच्या कारखान्याची.

मऊ आहे.

वरचे वाक्य खोडायचे आहे. पण खोडायला पेन जोरात दाबावे लागते, आणि बाळ मांडीवर झोपले आहे.