मामाची बिडी

॥ जय सेवालाल ॥
तांडा, धनजजवळ
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. निताताईस,
धाकटा भाऊ राजपाल याचा सा. न. वि. वि.

ताई, आधी सांगूनच टाकतो, नाहीतर पत्र संपेपर्यंत मला दम निघणार नाही. मी बिडी सोडतोय! हसू नकोस. भाऊजींना वाचून दाखवशील तेव्हा त्यांनाही हसू देऊ नकोस.

झालं असं की गोळ्या आणायला वाशीमच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे मनाच्या आजाराच्या विभागात नवीन मॅडम आल्या आहेत. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, चढ-उतार विचारला आणि मग विचारलं की राजपाल, बिडी सोडावीशी वाटते का. ताई, मी खुर्चीतच सरळ झालो! मला बायपोलर आहे हे कळल्यापासून इतके डॉक्टर पाहिले, पण हा प्रश्न कोणी केलाच नव्हता. सगळ्यांचं एकच, की याला आधीच एवढा आजार, त्याची बिडी कायले तोडता, तेवढाच जीवाला आधार. आपली याडी तर अजूनही मी जरा गप्प दिसलो की चुलीवर बिडी पेटवून माझ्या हातात देते. आईचा जीव, तिला काय बोलणार? पण माझ्यासारख्याला सोडायची इच्छा असू शकते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. इच्छा होती ताई. टेकाडावरच्या वावरात जायचं तर आता मला बसत बसत जावं लागतं.

मॅडमनी सगळं नीट आखून दिलंय. सध्या मन जागेवर आहे, म्हणून हीच वेळ चांगली. चालू असलेली एकही गोळी बंद करायची नाही. तलफ आली की चघळायला निकोटीनची गोळी दिली आहे. बिडी सुटल्यावर झोप फार वाढली किंवा फार कमी झाली, तर वाट न पाहता दवाखान्यात यायचं. शिवाय म्हणाल्या की एक माणूस असा निवडा, जो पाठीशी राहील आणि रागावणार नाही. पहिली गोष्ट तुझ्यात आहे. दुसरीचं तू पाहा.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, म्हणून तर आपण कागदाचा करार केला. चि. उज्ज्वलेला मामाचा आशीर्वाद. लोभ असू दे, आणि या वेळी थोडा जास्तीचा पाठव.

तुझा,
राजपाल


रिसोड
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. राजपाल यास,
निताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचायच्या आधी मी काय केलं सांगू? चष्मा लावून नुसत्या ओळी पाहिल्या. चढ आला की तुझ्या ओळी तिरप्या वर जायला लागतात आणि शेवटी तू समासात उभं लिहितोस. या वेळी ओळी सरळ होत्या. मग बसून वाचलं आणि वाचता वाचता आनंदानं ओरडलेच. हे बाहेरून धावत आले. त्यांना वाटलं दूध उतू गेलं.

पण खरं सांगते, एवढा आनंद पाहून भीतीही वाटली. मागच्या चढात तू असाच खुशीत होतास आणि कारंज्याला जाऊन बँडपार्टी ठरवून आलास. तांड्यात लग्न कोणाचंच नव्हतं! बँडवाले आले, वाजवून गेले, बाया नाचल्यासुद्धा, आणि पुढचे कित्येक महिने तू भिंतीकडे तोंड करून काढलेस. म्हणून एकच विचारते, रात्री झोप लागते ना? लागत असेल तर मी आहे तुझ्या पाठीशी. न रागावण्याचंही मनावर घेतलंय, पण सवय नाही, जरा वेळ लागेल.

आता माझी बातमी. आपल्या उज्ज्वलेचं जमलं! मुलगा मानोऱ्याकडचा, वाशीमला नोकरीत आहे. दोघं आधी एकमेकांशी बोलले, मग आम्ही मोठी माणसं बोललो. आजकाल असंच असतं म्हणे. सगाई जानेवारीत, इथेच रिसोडला. मामा म्हणून तुला पुढे उभं राहायचं आहे, तेव्हा तब्येत सांभाळ. सोबत फुटाणे पाठवते, तोंड चालू ठेव.

आमची माया आहेच, ती विचारायची गरज नाही.

तुझी,
निताताई


तांडा, धनजजवळ
दि. ९ डिसेंबर २०२४

सौ. निताताई यांना,
ललिताचा नमस्कार. वि. वि.

हे लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहिते. सुरुवात तर इतकी छान झाली होती! बिड्यांचे सगळे कट्टे यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यात पुरले. निकोटीनची गोळी मात्र पहिल्या दिवशी शेंगदाण्यासारखी कराकरा चावली आणि उचकी लागली ती थांबेचना. अर्धा तांडा पाण्याचे तांबे घेऊन दारात उभा. मग कळलं की ती हळू चावून गालात दाबून ठेवायची असते. आम्ही किती हसलो! चिडचिड झाली, माझ्यावर ओरडले, बकरीवर ओरडले, पण बिडीला हात लावला नाही.

आता मात्र वेगळंच होऊन बसलं. हे नुसते झोपतात. हरभऱ्याला पाणी द्यायला गेले आणि धुऱ्यावरच, बांधाला डोकं टेकून, झोपले, सगळं पाणी शेजारच्या वावरात गेलं. जेवताना घास हातात राहतो आणि डोळे मिटतात. बोलणं जड झालंय. सासूबाईंनी ठरवून टाकलं की हा उतारच आला. म्हणतात, बिडीनं माह्या पोराचं डोकं जाग्यावर होतं, तुमी सोडवली, आता भोगा. काल त्यांनी बिडी पेटवली आणि यांच्या ओठापर्यंत नेली. यांनी तोंड फिरवलं. तशा त्या रडायलाच लागल्या, की पोरगा मायच्या हातची घेत नाही.

ताई, खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलंय की एक ओढली तर काय बिघडेल, माणूस उठून तर बसेल! तुम्ही सांगाल तसं करते. लवकर कळवा आणि आम्हाला अंतर देऊ नका.

आपली,
ललिता


तांडा, धनजजवळ
दि. १८ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
राजपालचा सा. न.

जागा झालो गं ताई! ललिताचं पत्र हाती पडल्या पडल्या तू फोन केलास, माझंच पत्र मला वाचून दाखवलंस की झोप वाढली तर वाट न पाहता दवाखाना, आणि वर एका शब्दानं रागावली नाहीस. मला तर शंका आली की तुलाच बरं नाही.

दुसऱ्याच दिवशी ललिता मला वाशीमला घेऊन गेली. एसटीत मी तिच्या खांद्यावर झोपलो आणि दवाखान्याच्या बाकावर कोण्या अनोळखी आजोबांच्या. मॅडमनी सगळं ऐकलं, तपासलं आणि म्हणाल्या की हा उतार नाही! माझ्या रात्रीच्या गोळ्यांत एक अशी आहे, जी बिडीच्या धुरामुळे शरीर लवकर संपवून टाकतं. इतकी वर्षं धूर होता, म्हणून ती मला तेवढी लागत होती. धूर बंद झाला आणि तीच गोळी अंगात जास्त उरायला लागली. म्हणजे बघ ताई, माझ्या गोळीतला वाटा बिडी खात होती! मॅडमनी तेवढी एक कमी करून दिली, बाकीच्या तशाच ठेवल्या आणि आपल्या मनानं कमी-जास्त करायचं नाही, असं आम्हा दोघांनाही बजावलं.

याडीला हे सांगितलं तर म्हणाली, म्हंजे मी काय इतके वर्षं माह्याच लेकराची दवाई जाळून राह्यली होती का? आज सकाळी मात्र बिडीऐवजी ओंजळभर बोरं आणून दिली. स्वतः गोठ्यामागे जाऊन ओढते. मी पाहूनही न पाहिल्यासारखं करतो.

तोंडाला चव आलीय! ललिता भाजीत एवढं मीठ टाकते हे मला लग्नानंतर आत्ता कळलं. आणि हो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. सगाईसाठी पांढरा सदरा शिवायला टाकलाय. माया आहे तशीच ठेव, जागेपणी कळते जास्त.

तुझा,
राजपाल


रिसोड
दि. ६ जानेवारी २०२५

चि. राजपाल यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला धीर होत नाही, पण लिहिते. सगाईतली आपल्या घराण्याची रीत तुला ठाऊक आहे. बिड्या, काडेपेटी आणि गुळाचं ताट पुढे येतं, मुलीचा मामा आणि मुलाचा मामा एका काडीवर दोन बिड्या पेटवतात आणि मग मुलीचा मामा तिच्यासाठी शब्द देतो. मुलाचे मामा लखमाभाऊ रीतीचे फार पक्के आहेत. तू बिडी घेतली नाहीस तर ते विचारतील काहून, का घेत नाही, आणि त्या काहूनचं उत्तर देता देता तुझा आजार निघेल. आम्ही तो त्यांना सांगितलेला नाही. पोरीचं जमलेलं मोडलं तर?

हे म्हणाले की चुलतभाऊ लालसिंगला मामा म्हणून उभं करू. मी त्यांच्याशी कडाडून भांडले. पण मग माझ्याच मनात आलं की एकच झुरका, नुसती ओठाला लावायची आणि खाली ठेवायची. राजपाल, हे मी तुला विचारते आहे. पाठीशी राहणार होते ती मीच. माझी मलाच चीड येते, पण मी पोरीची आई आहे रे. काय ते कळव आणि बहिणीला मनातून काढू नकोस.

तुझी,
निताताई


तांडा, धनजजवळ
दि. १२ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस सा. न.

रागावलो नाही. दिवसभर वावरात फिरलो आणि मग लिहायला बसलो.

माझ्यासाठी एक झुरका एक राहत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आणि बिडी खोटी ओठाला लावली तर पुढचा शब्दही खोटाच वाटेल मला. म्हणून बिडी घेणार नाही. लालसिंगला उभं केलंस तरी मी येईन, मागे बसेन, पोरीला डोळे भरून पाहीन. मला उभं केलंस आणि कोणी विचारलं, तर खरं सांगेन. यातलं काय ते तू ठरव, मला दोन्ही मान्य. माझा तुझ्यावरचा जीव काही सगाईवर ठरत नाही.

तुझा,
राजपाल


रिसोड
दि. २८ जानेवारी २०२५

ती. रुपाबाई याडीस,
निताचा साष्टांग नमस्कार. ललिता, हे मोठ्यानं वाच, आणि याडी मधेच बोलली तरी थांबू नकोस!

याडी, तुझा पाय मुरगळला आणि तू व ललिता येऊ शकला नाहीत, याची फार चुटपुट लागली. फोनवर गडबडीत सगाई झाली एवढंच सांगितलं. तुझ्या लेकाला आणखी थोडे दिवस इथेच ठेवून घेतलंय. आता सगळं ऐक.

मी राजपाललाच उभं केलं. ह्यांनी माझ्याशी अबोला धरला, धरू दिला. ताट पुढे आलं. लखमाभाऊंनी एक बिडी स्वतः घेतली, एक राजपालपुढे धरली आणि काडी ओढली. राजपालनं हात जोडले आणि म्हणाला की मी बिडी सोडली आहे. लखमाभाऊंनी विचारलंच, काहून? आणि याडी, तुझ्या लेकानं भरल्या मांडवात सांगितलं, की मले डोक्याचा आजार हाये, त्याले बायपोलर म्हणतात, गोळ्या घेतो, चांगला राहतो आणि बिडी सोडल्यापासून आखीन चांगला हाये. तोवर काडी लखमाभाऊंच्या बोटाशी आली, त्यांनी हात झटकला.

मी डोळेच मिटून घेतले. वाटलं, आता सगळे उठणार. आणि ऐकते तर काय, लखमाभाऊ म्हणत होते की आजाराचं तर आमाले पयल्यापासून माहीत हाये! उज्ज्वलेनं पहिल्याच भेटीत मुलाला सांगितलं होतं आणि मुलानं घरी. त्यांना काहून पाहिजे होतं ते वेगळ्याच कारणानं. त्यांची स्वतःची बिडी कितीदा सोडूनही सुटत नाही! मी पोरीकडे पाहिलं तर ती गालातल्या गालात हसत होती. म्हणजे अख्ख्या मांडवात लपवणारे फक्त मी आणि हे. हे तर पाहुण्यांना पाणी द्यायच्या निमित्तानं जे आत गेले, ते जेवणापर्यंत बाहेर आले नाहीत.

मग लखमाभाऊंनी दोन्ही बिड्या ताटात परत ठेवल्या, गुळाचा खडा मोडला, अर्धा राजपालच्या तोंडात घातला आणि म्हणाले की मामा, आता पोरीसाठी शब्द द्या. राजपालनं दिला. म्हणाला की उज्ज्वलेवर कधीही वेळ आली तर मामाचं दार उघडं आहे आणि मामा त्या दारात उभा आहे. आवाज असा खणखणीत की रस्त्यावरचा ऑटोवाला वळून पाहायला लागला. मी रडत होते की हसत होते, मला काही सांगता येणार नाही. येत्या सोमवारी लखमाभाऊ बिडी सोडायला त्याच्यासोबत मॅडमकडे निघाले आहेत. त्यात तुझंही नाव घालायचं का, ते तू कळव.

पाहुणे गेल्यावर राजपाल ओट्यावर बसला होता. मी माफी मागायला गेले, पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, ताई, आजार झाल्यापासून सगळे माझ्याकडून माझ्याबद्दलच शब्द घेतात, गोळी घेईन, भांडणार नाही, घर सोडून जाणार नाही. आज पहिल्यांदा कोणी माझ्याकडून दुसऱ्या माणसासाठी शब्द घेतला.

ललिताला आशीर्वाद. पायाला शेक घे, आणि आम्हा दोघा लेकरांवर हात राहू दे.

तुझी,
निता