ताईबाईचे काळे हात

दौंड, जानेवारी १९९९

आदरणीय राजोपाध्ये सर,

परवा तळेगाव ढमढेऱ्यात तुमचं व्याख्यान ऐकलं. तुमची पुस्तकं उशाशी घेऊन मी मोठा झालो, म्हणून म्हाताऱ्या आईलाही मुद्दाम जीपनं घेऊन आलो होतो.

तुम्ही सांगितलंत, तुमची आई इंजिनाच्या राखेतून कोळसा वेचायची. तुम्हाला शाळेत घालायला आली, तेव्हा मास्तरांना दिसू नयेत म्हणून काळे हात पदराआड धरून उभी राहिली. तिथं तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. सभाही रडली.

सर, ही गोष्ट माझ्या आईची, ताईबाईची. मागं एकदा दौंडला आलात, तेव्हा रेल्वे कॉलनीत आमच्याकडे जेवताना तुम्ही ती तिच्याच तोंडून ऐकलीत. तुमच्या आत्मचरित्रात तर वडील मामलेदार आहेत आणि आईसाहेब सतार वाजवतात. सतारीनं हात काळे होत असतील, तर मला संगीतातलं काही कळत नाही.

मी उठून बोलणारच होतो. आईनं सदरा ओढला आणि डोळे पुसत म्हणाली, "बस खाली. बिचाऱ्याच्या आईनं बी माझ्यावानीच दिस काढलं की रं. त्यास्नी पुन्हा जेवाया बोलीव."

बोलावतो. पिठलं-भाकरी तीच असेल. गोष्ट मात्र या वेळी तुम्ही सांगायची, सतारीची.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. टाकलं, तर पुढच्या भाषणात तेही तुम्हीच लिहिलेलं निघेल.

तुमचा एकेकाळचा वाचक,
धम्मपाल