मोर्णेकाठची शेवटची बाज

जुने शहर, अकोला
ता. ११ फेब्रुवारी १९६३

हिवरखेडचे डोमाजी गुरुजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र परवा मिळालं. इकडे सगळी बरी आहेत. भागीरथेचा गुडघा थंडीनं धरला होता, तो आता सुटला. पोरगी शालू मजेत आहे. माणिकबाईंची तब्येत कशी आहे आणि तुमची तूर घरी आली का, ते कळवा.

तुम्ही विचारलंत, 'नदीवरचं ते दुकान बंद करायला तुमचं जातं काय?' मग आधी तेच मांडतो. या दुकानाला माझ्या डाव्या करंगळीचं एक पेर लागलं. सोडा भरताना बाटली फुटली. दोन पुरांत सगळ्या बाजा वाहून गेल्या, त्यातली एक पुढच्या गावी बाभळीला अडकलेली सापडली. धंदा शिकण्यात उमेदीची वर्षं दमणला गेली. आई गेली तेव्हा मी तिथं बाटल्या धूत होतो; खबर मिळाली तेव्हा तेरवी होऊन गेली होती. रुपये मी यात धरलेच नाहीत. रुपये परत मिळतात.

वर 'व्याही' लिहिलं नाही, याचा राग धरू नका. आधी दुकान उठवा, मग लग्नाची तारीख धरू, अशी तुमची अट आहे. तुम्ही शाळामास्तर, गावात तुमच्या शब्दाला मान. दारुड्यांच्या अड्ड्यावरची पोरगी सून म्हणून आणली असं लोक म्हणतील, ही तुमची धास्ती मला समजते. पण दुकान उठणार नाही. म्हणून तो शब्द लिहिता येत नाही.

तुम्ही दुकान पाहिलेलं नाही. ऐकीव गोष्टीवर तुम्ही पोरांना मार्क देत नसाल, मलाही देऊ नका.

दमणला तेव्हा फिरंग्यांचं राज्य. समुद्राला लागून झावळ्यांचे मांडव, वाळूत बाकं, संध्याकाळी कंदील लागले की कुठून कुठून माणसं यायची. इकडे दारूबंदी, म्हणून मुंबईचे शेठसुद्धा बूट हातात घेऊन वाळूत बसत. मी बाटल्यांचे खोके वाहायचो. तिथं मला कोणी जात विचारली नाही; बाटली थंड आहे का, एवढंच विचारत. प्यायला तर माणूस घरीही पितो. तिथं येत ते पाण्याकडे तोंड करून बसायला. एका वाळूत सगळ्यांचे पाय सारखेच दिसतात.

तेच मी मोर्णेवर आणलं. आमच्या मोर्णेला समुद्र म्हटलं तर म्हशी हसतील, पण दिवाळीनंतर वाळू मोकळी होते, बाजा टाकता येतात, बत्ती पेटली की तेवढ्या डबक्यातही उजेड हलतो. सोडा, लिंबू, मिरचीची भजी, एक ग्रामोफोन. दारू मी विकत नाही. खिशातून कोणी काही ओततो का? ओततो. मी आंधळा नाही. शिवी दिली की दंड धरून घाटावर नेऊन सोडतो, मग तो कोणाचाही मुलगा असो. पण खिशात हात घालणं माझं काम नाही. दारू न पिण्याचं पाचवं शील मी पाळतो, माझं. त्यांचं त्यांनी पाळावं.

तुम्ही लिहिलंत, आपल्या माणसानं असल्या जागेपासून दूर राहावं. आता या जागेची एक गोष्ट ऐका.

शालिकराम शेठ म्हणून कापसाचे दलाल आहेत. रोज यायचे, कडेच्या बाजेवर अंधारात बसायचे, माझ्या घरी विसळलेल्या गिलासात सोडा प्यायचे. एकदा त्यांच्या वाड्यावर मी बाटल्यांचा खोका पोचवायला गेलो. ऊन मरणाचं होतं, पाणी मागितलं. शेठाणीनं तांब्या उंच धरून ओंजळीत ओतलं. शेठ ओट्यावरच होते, त्यांनी पंचांगात डोकं घातलं. मी पाणी प्यालो, तोंड पुसलं, आलो. त्याच संध्याकाळी नवी बत्ती आणली आणि नेमकी त्यांच्या बाजेवर टांगली.

शेठ म्हणाले, "पुंजाजी, हे बत्ती काहून लावली?"

मी म्हटलं, "शेठ, तुमाले गिलास दिसावा म्हणून."

बाजांवरची डोकी वळली. शेठनी गिलासाकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, मग सगळ्यांदेखत तोंडाला लावला. दोन गिऱ्हाइकं उठून गेली ती आजतागायत परत आली नाहीत. शेठ येतात. बत्ती तिथंच आहे. आता सांगा गुरुजी, ही जागा उठवून मी तिथं काय ठेवू? शाळेत तुम्ही समता शिकवता, मी ती भज्यांबरोबर देतो.

शालू तिथं बसते हेही तुम्हाला खटकलं. बसते. मॅट्रिक झालेली पोरगी आहे, गल्ला तिच्याकडे, बाटल्या तिच्याकडे. तिच्याशी वाकडं बोलायची कोणाची टाप नाही, कारण मधे माझे कान आहेत. डोळे म्हातारे झाले, कान नाहीत. बाटलीच्या तोंडातली काचेची गोटी आत दाबल्याचा फट्ट आवाज आला की पाठ असली तरी सांगतो, बाटली कोणी उघडली. दलाल ठोसा मारतो, वकील दोनदा दाबतो, नवीन लग्न झालेला आधी इकडेतिकडे पाहतो आणि मग फोडतो. मोर्णेच्या काठावर कोण काय कुजबुजतं, ते आधी मला कळतं आणि मग त्याच्या बायकोला. काही भित्रे लोक असतात, आल्याचं कोणाला कळू नये म्हणणारे. त्यांच्यासाठी मी युक्ती काढली: तोंडावर ओलं फडकं, अंगठ्यानं गोटी हळूहळू दाबायची, वायू सावकाश जातो, आवाज होत नाही. ही युक्ती मला येते आणि शालूला.

आणखी एक. हे स्थळ तुमच्याकडून आलं. तुमच्या देवमननंच हट्ट धरला, असं तुम्ही लिहिलंय. सरकारी कचेरीतला मुलगा अकोल्यात राहतो, माझं नाव त्याच्या कानावर गेलं असणार, दुसरं काय! पोरगं मला पसंत आहे. पाहायला आला तेव्हा शालूकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. तीही पाहत नव्हती. मी सोडा पुढे केला, तर त्यानं खिशातला ओला रुमाल लावून गोटी अशी दाबली की आवाजच नाही. मी भागीरथेला म्हटलं, हात किती हलका आहे पोराचा.

तुमची अट मी शालूला सांगितलेली नाही. परवापासून पत्र कोटाच्या खिशात घेऊन फिरतो आहे. ती समोर आली की गल्ल्यात काहीतरी शोधतो. शेठच्या डोक्यावर बत्ती टांगता आली, पण हिला 'तुझं लग्न माझ्या दुकानामुळे मोडलं' हे कसं सांगू, ते मला येत नाही. गुरुजी, एवढं एकच मला येत नाही. तरी उत्तर तेच आहे. बापाची लाज वाटून घर सोडणारी पोरगी मला द्यायची नाही.

राग आला तर इथं येऊन भांडा. उजेडातली बाज देईन.

आपला,
दुकान न उठवणारा
पुंजाजी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी भागीरथेला पत्र वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, पण माझी चूक तिला येते. कानांच्या मजकुराशी आलो आणि तिनं पदर तोंडात धरला.

मी विचारलं, "काहून हासून राहिली?"

"साऱ्या अकोल्याचं आयकू येते तुमाले," ती म्हणाली. "शेवटच्या बाजेवरचं नाई आलं?"

शेवटची बाज पाण्याजवळ आहे, माझ्या भज्यांच्या भट्टीच्या मागच्या अंगाला. तिथं शनिवारी एक सरकारी बाबू बसतो म्हणे, आणि त्याला बाटली नेऊन द्यायला शालूला फार वेळ लागतो. हे भजी तळणाऱ्या पंचफुलेला माहीत होतं. शालिकराम शेठलाही माहीत होतं.

शालूला बोलावलं. तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली, परत दिलं. घाबरली नाही.

म्हणाली, "बाबा, ओलं फडकं तुमीच शिकवलं. मी त्याले शिकवलं." मग म्हणाली, "गुरुजींले लिहा, दुकान नाई उठत. आमाले बसाले जागा पायजे. देवमन शनवारी घरी जाऊन हेच सांगनार हाये."

तेव्हा शनिवारी मुलगा घरी येईल, त्याचं ऐकून घ्या. तारीख त्या दोघांनी वैशाखी पौर्णिमेची धरली आहे. मांडव कुठं घालायचा एवढंच आपल्याकडे राहिलं आहे.

वर कानांबद्दल लिहिलं ते खोडत नाही, शाई महाग आहे. पण तुमचा देवमन आणि माझी शालू दिवाळीपासून दर शनिवारी माझ्या पाठीमागे बसून सोडा पितात, आणि मला एकही गोटी ऐकू आली नाही.

तुमचा व्याही,
पुंजाजी